फायर एम्ब्लेम : कच्च्या लिंबाने पहिला डाव कुठला मांडावा?

भाऊबीजेला ताईकडे डोंबिवलीला गेलो होतो. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढ्यात आलं, आणि पहिली चकली तोडायच्या आत भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर सतरा ओळींची यादी. "मामा, यातला पहिला कुठला खेळू?"

यादी फायर एम्ब्लेम नावाच्या जपानी व्हिडिओ गेम मालिकेची होती. २०२५च्या सप्टेंबरात निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने या मालिकेचा नवा भाग जाहीर केला. नाव फॉर्च्युन्स वीव्ह, साल २०२६, यंत्र स्विच २, म्हणजे निन्टेंडोच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्राची पुढची आवृत्ती. कॉलेजातले मित्र त्याच्यावरच बोलताहेत आणि हा एकटा कोरा. सुट्टीत कमावलेल्या पैशांतून त्याने सेकंड हँड स्विच घेतला होता आणि बेत आखला होता की १९९० सालच्या भागापासून धरून ओळीने सतराच्या सतरा संपवायचे. मी म्हटलं, "अरे, तोवर तुझ्या पोराची मुंज होईल."

मग मी त्याला एकच प्रश्न विचारला. "कॅरममध्ये राणी घेतलीस आणि कव्हर चुकलं, तर काय करतोस?"

"दादाला शिव्या घालतो. म्हणतो बोर्ड वाकडा आहे."

माझ्या मते पहिला गेम निवडायला एवढी माहिती पुरते. का, ते सांगायला थोडं मागून यावं लागेल. ज्यांनी आयुष्यात असला गेम उघडलेला नाही त्यांनीही सोबत यायला हरकत नाही.

## आधी हा खेळ आहे तरी कसला

ताईच्या बिल्डिंगखाली पोरांनी दिवाळीचा किल्ला केला होता. माती, विटा, हळिवाची हिरवळ, वर सिंहासन, दरवाज्याशी दोन भालेवाले, पायऱ्यांवर चार मावळे. आता कल्पना करा की या किल्ल्यावर वहीसारख्या चौकोनी रेघा मारल्या आहेत. प्रत्येक मावळ्याला नाव आहे, स्वभाव आहे, आणि एका पाळीत तो अमुक इतकी घरं चालू शकतो. आधी तुमचे सगळे मावळे हलणार, मग शत्रूचे सगळे. बुद्धिबळात एका पाळीत एकच सोंगटी हलते, इथे अख्खी फौज हलते. हा पहिला फरक.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. बुद्धिबळातलं प्यादं शेवटच्या घरात पोचलं तरच वजीर होतं. इथे प्रत्येक प्यादं लढता लढता जरा जरा वजीर होत असतं. ताकद वाढते, चपळाई वाढते, हुद्दा बदलतो. अशा खेळांना टॅक्टिकल आरपीजी म्हणतात. टॅक्टिकल म्हणजे पटावर डावपेच लढवायचे, आणि आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात पात्रं अनुभवाने मोठी होतात. पुढे मी सरळ 'डावपेची खेळ' म्हणणार आहे.

फायर एम्ब्लेम ही या जातीतली जुनी आणि मानाची मालिका. पहिला भाग २० एप्रिल १९९० रोजी जपानात फॅमिकॉम या यंत्रावर आला. बनवणारी कंपनी इंटेलिजन्ट सिस्टिम्स, विकणारी निन्टेंडो, आणि कल्पना शोझो कागा या डिझायनरची. त्याआधीच्या युद्धखेळांत रणगाडा गेला तर दुसरा रणगाडा यायचा, कुणाला काही वाटायचं नाही. इथे सोंगटीला चेहरा आणि नाव मिळालं. गेलेला माणूस परत येत नव्हता. मालिकेचं सगळं वेड या एका गोष्टीतून आलंय, असं माझं मत आहे.

## बेरीज-वजाबाकी येते ना? झालं तर

बाहेरून बघणाऱ्याला स्क्रीनवरचे आकडे बघून घाम फुटतो. प्रत्यक्षात चौथीचं गणित पुरतं.

समजा तुमच्या तलवारबाजाची ताकद ९ आणि तलवारीचा जोर ५. बेरीज १४. समोरच्याचा बचाव ६. वजाबाकी केली, ८ उरले. समोरच्याकडे १५ प्राण आहेत. म्हणजे एका वारात तो मरत नाही. पण तुमचा गडी त्याच्यापेक्षा पुरेसा चपळ असेल (बहुतेक भागांत चार-पाचाचा फरक लागतो) तर त्याला दोन वार मिळतात. आठ दुणे सोळा, गडी खलास. मात्र दोन वार लागोपाठ होत नाहीत. आधी तुमचा एक, मग त्याचा एक, मग तुमचा दुसरा. मधल्या वाराला तुमचा माणूस टिकतो का, हे बघायचं. आणि हे सगळं हल्ला करायच्या आधीच एका चौकटीत लिहून येतं. गणित तुम्ही चुकणारच नाही अशी सोय आहे. चुकतो तो हावरटपणा.

वर दगड-कागद-कात्रीची फोडणी. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. याला शस्त्रांचा त्रिकोण म्हणतात. तो १९९६च्या भागात आला आणि पुढे बहुतेक भागांनी ठेवला. धनुष्यबाणापुढे उडत्या घोड्यांवरच्या स्वारांची धडगत नसते. आणि जाड चिलखतवाला गडी तलवारींना दाद देत नाही, पण साध्या जादूगारापुढे लोण्यासारखा वितळतो, कारण चिलखताचा बचाव वेगळा मोजतात आणि जादूपासूनचा बचाव वेगळा. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझ्या भाच्याने ठेवलं नाही.

डावपेच काय असतात, हे मराठी माणसाला समजावायला एक नाव पुरे आहे: घोडखिंड. १६६० साली बाजीप्रभूंनी मूठभर माणसांनिशी मोठी फौज अडवली, कारण खिंडीत एका वेळी थोडेच लोक घुसू शकत होते. फायर एम्ब्लेमच्या निम्म्या नकाशांचं उत्तर हेच असतं. पूल शोधा, दरवाजा शोधा, तिथे दणकट गडी उभा करा, मागे वैद्य आणि तिरंदाज ठेवा. उरलेल्या निम्म्या नकाशांत गेम मुद्दाम वेळेचं बंधन घालतो किंवा पाठीमागून कुमक पाठवतो, म्हणजे तुम्ही खिंडीत बसून राहू नये.

## नव्वद टक्के म्हणजे नक्की किती?

वार लागेल की चुकेल, याची टक्केवारी दिसते. नव्या माणसाला इथे राग येतो, कारण नव्वद टक्के दाखवूनही वार चुकतो आणि मग गेम फसवतोय असं वाटायला लागतं.

गंमत अशी, की यातले बरेच भाग खरंच फसवतात, पण तुमच्या बाजूने. २००२ पासूनच्या अनेक भागांत संगणक एक आकडा काढत नाही. शून्य ते नव्याण्णवमधले दोन काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. दोन फासे टाकले की सात वारंवार येतात आणि बारा क्वचित, तसंच सरासरीचं असतं. ती मधे गर्दी करते, टोकाला जायला कचरते. त्यामुळे स्क्रीनवर ९० दिसत असताना वार लागण्याची खरी शक्यता ९८च्या आसपास असते. ७० दिसतं तेव्हा ८२, आणि ३० दिसतं तेव्हा फक्त १८. म्हणजे चांगली संधी दिसते त्याहून चांगली, आणि वाईट दिसते त्याहून वाईट.

दादर स्टेशनचा इंडिकेटर तीन मिनिटं दाखवतो आणि गाडी सात मिनिटांनी येते. आपली सवय तिथली. इथला इंडिकेटर उलट खोटं बोलतो. तरीही उरलेल्या दोन टक्क्यांत वार चुकतोच, आणि चुकतो तेव्हा समोर तुमचा सगळ्यात लाडका गडी असतो. शंभरात दोन वेळा म्हणजे कधीच नाही, असं आपलं मन धरून चालतं. एका भागात आपण हजारभर वार सहज करतो.

## गडी मेला म्हणजे कायमचा मेला?

मूळ नियम तसाच. पटावर पडलेला माणूस त्या कथेतून गेला, पुढच्या लढाईत तो नाही. मुख्य नायक पडला तर तिथेच डाव संपतो. याला क्लासिक पद्धत म्हणतात. ज्यांना पहिल्यांदा हे कळतं ते बहुतेक जण यंत्र बंद करून चालू करतात आणि तास-दीड तासाची लढाई पुन्हा लढतात. मीही करतो. गेली कित्येक वर्षं "आता जे होईल ते होईल" असं ठरवून सुरुवात करतो आणि तिसऱ्या लढाईत मोडतो.

दुसरी पद्धत कॅज्युअल. यात पडलेला गडी फक्त त्या लढाईपुरता बाद, पुढच्या वेळी हजर. ही सोय २०१०च्या एका जपानपुरत्या भागात पहिल्यांदा आली आणि २०१२च्या अवेकनिंगमधून जगभर पोचली. त्यामागे एक गोष्ट आहे. मालिकेची विक्री घसरत चालली होती, आणि हा भाग अडीच लाखांच्या खाली विकला गेला तर मालिका बंद, असं बनवणाऱ्यांना सांगण्यात आलं होतं. मग त्यांनी नव्या माणसासाठी दार सताड उघडलं. भाग वीस लाखांवर गेला. आज आपण 'कुठला आधी खेळू' असा प्रश्न विचारू शकतो, तो त्यामुळे.

## हा रडीचा डाव नाही का?

जुने खेळाडू कॅज्युअलला नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गडी कायमचा जाणार हे माहीत असलं की तुम्ही प्रत्येक घर मोजून चालता. नसलं की चार माणसं झोकून देऊन किल्ला घेता आणि खेळाची अर्धी चव जाते.

पण आपल्याकडे यावर फार जुना तोडगा आहे. चाळीत लपाछपी खेळताना कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ मधे घुसायचा. त्याला हाकलत नसत. तो कच्चा लिंबू. पळणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य नाही. दोन सुट्ट्यांत तो खेळ शिकायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, "मी आता कच्चा नाही." कॅज्युअल म्हणजे हेच. पहिल्या खेपेला कच्चा लिंबू होण्यात काही लाज नाही.

शिवाय आता मधला रस्ताही आहे. अलीकडच्या भागांत चाल मागे घेता येते. थ्री हाउसेसमध्ये त्याला डिव्हाइन पल्स म्हणतात, एंगेजमध्ये तसलंच काम एक स्फटिक करतो. वार चुकला, गडी पडला, तर काळ मागे फिरवून दोन पाळ्या आधीपासून खेळा. गल्ली क्रिकेटमधला 'ट्रायल बॉल' म्हणा. फरक एवढाच, की थ्री हाउसेसमध्ये एका लढाईत असे ट्रायल मोजकेच मिळतात. क्लासिक अधिक ट्रायल बॉल हे मला आजवरचं सगळ्यात छान मिश्रण वाटतं. चूक महाग पडते, पण एका बोटाच्या घसरणीने दीड तास वाया जात नाही.

अवघडपणाची पातळी वेगळी निवडायची असते, नॉर्मल, हार्ड वगैरे. तिची या पद्धतींशी गल्लत करू नका. नॉर्मल-क्लासिक आणि हार्ड-कॅज्युअल हे दोन निराळे खेळ आहेत.

## एक नंबरपासून सुरुवात नको का?

भाच्याचा मूळ हट्ट हाच होता. सिनेमाचा दुसरा भाग आधी कोण बघतं?

ही मालिका सिनेमासारखी नाही, दिवाळी अंकासारखी आहे. यंदाचा अंक वाचायला गेल्या वर्षीचा लागत नाही. संपादकाची आवड तीच, मांडणी ओळखीची, पण कथा नव्या. फायर एम्ब्लेममध्ये दर एक-दोन भागांनी नवा खंड, नवी राज्यं, नवे लोक येतात. जोड्या काही आहेत. पाथ ऑफ रेडियन्सची पुढची गोष्ट रेडियंट डॉनमध्ये आहे, ती उलट्या क्रमाने खेळू नये. बाकी बहुतेक ठिकाणी क्रम विसरा.

क्रम पाळायचा म्हटलं तरी पाळता येत नाही. पहिले सहा भाग त्या काळी जपानाबाहेर आलेच नाहीत. २००१च्या सुपर स्मॅश ब्रदर्स मेली या मारामारीच्या गेममध्ये मार्थ आणि रॉय हे दोन फायर एम्ब्लेमवाले दिसले (रॉयचा स्वतःचा गेम तर तेव्हा बाजारातही आला नव्हता), लोकांनी विचारायला सुरुवात केली की हे तलवारवाले कोण, आणि मग २००३ साली सातवा भाग इंग्रजीत आला. त्याचं नाव नुसतंच 'फायर एम्ब्लेम' ठेवलं. त्यामुळे आजही कित्येक जण त्यालाच पहिला समजतात. चाहते त्याला द ब्लेझिंग ब्लेड म्हणतात.

आणि खरा पहिला? तो इंग्रजीत स्विचवर आला, ४ डिसेंबर २०२०ला. निन्टेंडोने तो ३१ मार्च २०२१ नंतर विकायचं बंद केलं. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे आहे. तुमची संधी हुकली म्हणून हळहळू नका. तो ऐतिहासिक दस्तऐवज आहे. गेम म्हणून आज खेळताना जांभया येतात.

## थ्री हाउसेस, म्हणजे तीन तुकड्यांची शाळा

२०१९ सालचा हा भाग मालिकेत सर्वाधिक विकला गेला, चाळीस लाखांच्या वर. दहातल्या सात जणांना मी हाच सांगतो.

तुम्ही एका मठात शिक्षक होता. मठाच्या शाळेत तीन तुकड्या आहेत, प्रत्येक तुकडी एकेका राज्याची. ब्लॅक ईगल्सची प्रमुख एडेलगार्ड, ब्लू लायन्सचा दिमित्री, गोल्डन डिअरचा क्लॉड. तुम्ही एक तुकडी निवडायची. पुढे महिनोन्‌महिने त्या पोरांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, चहा प्यायचा, हरवलेल्या वस्तू परत करायच्या, मासे पकडायचे, आणि महिन्याच्या शेवटी लढाईला न्यायचं. कुणाला घोड्यावर बसवायचं, कुणाला जादू शिकवायची, हे तुम्ही ठरवता.

मग कथेत पाच वर्षं जातात आणि युद्ध पेटतं. ज्या दुसऱ्या तुकडीतल्या पोरीला तुम्ही हरवलेली वही नेऊन दिली होती, ती समोरच्या बाजूला भाला घेऊन उभी असते. यापुढे मी काही सांगणार नाही. सोंगटीला चेहरा देण्याची १९९०ची ती कल्पना इथे पूर्ण फळाला येते.

दोष? मठ. सुरुवातीला गंमत वाटते, पंधरा तासांनंतर तेच तेच अंगण झाडल्यासारखं वाटायला लागतं. लढायांचे नकाशेही पुन्हा पुन्हा तेच येतात, आणि शस्त्रांचा त्रिकोण इथे जवळजवळ नाहीच. एक कथा संपवायला पन्नास तासांच्या आसपास लागतात आणि एकूण वाटा चार आहेत. (तुकड्या तीन आणि वाटा चार कशा? एक वाट पुढे दुभंगते. कुठली ते शोधू नका.) चारही खेळायलाच हव्यात असं नाही. एक मनापासून खेळा. कुठली तुकडी घेऊ, म्हणून गाइड वाचू नका, ज्याचा चेहरा आवडेल त्याच्याकडे जा. आपण शाळेतही बाक असाच निवडला होता.

## एंगेज, म्हणजे बुद्धिबळवाल्यांचा

२०२३च्या जानेवारीतला एंगेज याच्या अगदी उलट. गोष्ट बालनाट्याच्या तोडीची. नायकाचे केस अर्धे लाल, अर्धे निळे, दोन रंगांच्या टूथपेस्टसारखे. संवाद मी बऱ्याचदा बटण दाबून पुढे ढकलले. पण पटावर उतरलात की हा भाग थ्री हाउसेसला सहज मात देतो. शस्त्रांचा त्रिकोण परत आलाय, तोही दात घेऊन. योग्य शस्त्राने मारलं तर समोरच्याच्या हातातलं शस्त्रच गळून पडतं आणि तो उलट वार करू शकत नाही. त्यामुळे कोण आधी मारणार, कोण नंतर, याचा क्रम लावणं हे प्रत्येक पाळीला सुंदर कोडं होतं.

यात बारा अंगठ्या आहेत आणि प्रत्येकीत जुन्या भागाच्या एकेका नायकाचा आत्मा. मार्थ, रॉय, लिन, आइक वगैरे. "मग आधीचे भाग खेळल्याशिवाय कळेल का?" असं हमखास विचारतात. कळतं. लग्नात एखादे काका येतात, आपल्याला ते कुणाकडचे ते ठाऊक नसतं, तरी ते आहेर देतात आणि आपण घेतो. तसंच.

रविवारी सकाळी पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं सोडवल्याशिवाय ज्याचा चहा खाली उतरत नाही, त्याने थेट एंगेज घ्यावा, हार्डवर, क्लासिकमध्ये. कथेसाठी येणाऱ्याने घेऊ नये.

## जुनं काही चाखायचं असेल तर

द ब्लेझिंग ब्लेड, तोच २००३चा सातवा. हा माझा लाडका, आणि पक्षपात मान्य आहे. सुरुवातीचे दहा चॅप्टर लिन नावाच्या माळरानातल्या मुलीची छोटी गोष्ट सांगतात आणि ती सांगता सांगता अख्खा खेळ शिकवतात. हे घर चाल, तो वार कर, आता जंगलात उभी राहा. धडे संपतात आणि एलिवूड-हेक्टरची मोठी कथा सुरू होते. यात मठ नाही, मासेमारी नाही, ट्रायल बॉल नाही. लोखंडी तलवार ४६ वार झाले की तुटते, त्यामुळे खिशात पैसे मोजून लढावं लागतं. पडला तो मेला. जून २०२३ पासून हा भाग निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेच्या महागड्या वर्गणीत मिळतो.

अवेकनिंग आणि फेट्स हे थ्रीडीएस या जुन्या यंत्राचे भाग. उत्तम आहेत, अवेकनिंग तर नवशिक्याला आदर्श. पण थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं, आता जुनं कार्ट्रिज (यंत्रात खुपसायची गेमची छोटी वडी) शोधत फिरावं लागतं. शिवाय ते यंत्र ज्या देशाचं त्याच देशाचं कार्ट्रिज घेतं. घरात आधीपासून पडून असेल तर नक्की खेळा, त्यासाठी मुद्दाम यंत्र घेऊ नका. मोबाइलवरचा हीरोज हा निराळाच प्राणी: छोटा पट, चार गडी, आणि नवे गडी सोडतीतून काढायचे. फुकट आहे म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि त्यालाच फायर एम्ब्लेम समजतात. मी सांगणार नाही.

## मुंबईत घ्यायचं कुठून

निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे बाजारात आणलाच नाही. जे मिळतं ते आयात करणाऱ्यांकडून. हाजीअलीचं हिरापन्ना, लॅमिंग्टन रोडवरची दुकानं, नाहीतर ऑनलाइन विक्रेते. त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, आणि किंमत दुकानागणिक बदलते. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट मात्र सोयीची आहे. स्विचचं कार्ट्रिज कुठल्याही देशाचं चालतं, आणि बहुतेक जुनी कार्ट्रिजं स्विच २ वरही चालतात. म्हणून पहिला गेम डाउनलोड न करता कार्ट्रिजच घ्या. नाही आवडला तर निन्टेंडोच्या गेमला सेकंड हँड भाव बरा येतो. डाउनलोड केलेला कुणाला विकणार?

लोकलमध्ये खेळता येतो का? स्विच मधेच झोपवता येतो आणि आहे तिथून पुन्हा उठवता येतो, खेळ आळीपाळीचा असल्याने कुणी घाई करत नाही. पण त्यासाठी आधी बसायला जागा लागते. डोंबिवलीकराला हे मी सांगायला नको.

## इंग्रजीचं काय, आणि पोरांना द्यावा का?

मराठी-हिंदीत काही नाही, आणि वाचायला भरपूर आहे. थ्री हाउसेसमध्ये जवळजवळ सगळे संवाद बोललेले आहेत, इंग्रजी किंवा जपानीत. खाली अक्षरं येतात आणि बटण दाबेपर्यंत थांबतात. ताईच्या लेकाचं इंग्रजी यथातथाच, पण पात्रांच्या गप्पा वाचायला तो शब्दकोश उघडून बसलाय. बारावीत हे केलं असतं तर, असं ताई म्हणाली. अमेरिकेत थ्री हाउसेस आणि एंगेज दोन्हींना टीन, म्हणजे तेरा वर्षांपुढचं, मानांकन आहे. मारामारी आहे, रक्ताचे पाट नाहीत. पण युद्धात मित्र मित्राला मारतो, ते लहान मुलाला झेपेल का, हे आपण बघायचं.

## पहिल्या दिवशी सगळे करतात ती चूक

जवळजवळ प्रत्येक भागात सुरुवातीला एक तयार, बलाढ्य घोडेस्वार तुमच्याकडे असतो. ब्लेझिंग ब्लेडमध्ये मार्कस, अवेकनिंगमध्ये फ्रेडरिक, एंगेजमध्ये व्हँडर. नवा माणूस खूश होतो आणि सगळ्यांना त्याच्याकडूनच मारवतो. पण शत्रू मारला की मिळणारा अनुभव त्यालाच मिळतो, आणि आधीच मोठ्या असलेल्याला तो थेंब थेंब मिळतो. पाच लढायांनंतर बाकीची पोरं तशीच कोवळी राहतात आणि शत्रू मोठे होतात. घरातल्या मोठ्या भावाने सगळी कामं केली की धाकटे जसे तयार होतात, तसंच. (फ्रेडरिक याला थोडा अपवाद आहे, तो शेवटपर्यंत पुरतो.) त्या घोडेस्वाराला ढाल म्हणून पुढे उभा करा, शेवटचा वार कोवळ्याला करू द्या.

## मग भाच्याने काय घेतलं

बोर्ड वाकडा आहे म्हणणाऱ्याला स्वतःची चूक पचत नाही, म्हणून त्याला मी चूक माफ करणारा डाव सांगितला: थ्री हाउसेस, नॉर्मल, कॅज्युअल. त्याने थ्री हाउसेस घेतला, गोल्डन डिअर निवडली, आणि मला न विचारता क्लासिक लावलं. कच्चा लिंबू म्हटलेलं झोंबलं असावं.

परवा रात्री साडेअकराला फोन.

"मामा, राफाएल गेला."

राफाएल म्हणजे त्यांच्या तुकडीतला धिप्पाड, खादाड, सगळ्यांचा आवडता पोरगा.

"मग मागे जा की."

"मागे जायचं संपलं सगळं."

"उभा कुठे केला होतास?"

"पुलावर. एकट्याला. तूच म्हणालास ना, घोडखिंड."

"समोर कोण होते?"

तिकडे बराच वेळ शांतता. मागून ताईचा आवाज, झोप आता म्हणून.

"जादूगार," तो म्हणाला. "तीन."

"आणि आता?"

"आता पहिल्यापासून. दीड तास गेला, जाऊ दे. ठेवतो."